आठ शेजाऱ्यांची सरासरी

उपग्रह रोज दुपारी दीडच्या सुमारास शहरावरून जायचा. तो दिसायचा नाही की ऐकू यायचा नाही, पण कचेरीतला हवावाला त्या वेळेला हातातला घास तसाच धरून एकदा छताकडे बघायचा. सवय, दुसरं काय. त्याची बायको म्हणायची, "पाहुणा रोज दारावरून जातो आणि एकदाही चहाला थांबत नाही, याचंच तुम्हाला वाईट वाटतं."

बायकोला जाऊन चौदा महिने झाले होते. छताकडे बघायची सवय मात्र तशीच राहिली होती.

त्याला सगळे हवावाला म्हणत, कारण पंचवीस वर्षं तो हवाच मोजत आला होता. आधी गच्चीवरच्या यंत्रांनी, आणि आता उपग्रहानं. उपग्रह काही हवा हुंगत नाही. जमिनीवर पडून परत वर येणारा उजेड तो बघतो. धुरातल्या वायूंनी त्या उजेडातला कुठला रंग किती खाल्ला, त्यावरून खाली किती घाण आहे ते ठरतं. शहराचे लहान लहान चौकोन पाडलेले असत, एका चौकोनात फार तर एखाददुसरी इमारत. प्रत्येक चौकोनाचा एक आकडा. चार वाजता सगळे आकडे कचेरीत येत, आणि हवावाला त्यांचा रंगीत नकाशा करून साहेबांच्या टेबलावर ठेवी.

काही चौकोन ढगांमुळे रिकामे येत. काहींत तर शून्याच्याही खालचा आकडा येई. शून्याच्या खाली धूर कसा असेल? ती यंत्राची चूक. सात वर्षांपूर्वी हवावाल्यानं यावर एक नियम लिहून दिला होता. जो चौकोन रिकामा, किंवा ज्याचा आकडा शून्य किंवा त्याहून खाली, तो पुसायचा आणि भोवतालच्या आठ चौकोनांची सरासरी त्यात भरायची. चार ओळींचा नियम. तेव्हापासून नकाशा एकदम गुळगुळीत दिसू लागला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती.

मग एके दिवशी दुसऱ्या शहरातल्या केंद्रानं जुने आकडे मागवले, जसे आले तसे, काहीही न भरता. ते काम गणितवालीकडे आलं. कॉलेजातली गणिताची नोकरी सोडून ती या कचेरीत आली होती. जीभ तिखट आणि कामाला वाघ. तिनं तो नियम काढून टाकला, नकाशा नव्यानं काढला आणि हवावाल्याला हाक मारली.

"काका, तुमची भोकं बघायला या."

"माझा सदरा धड आहे."

"सदऱ्याची नाही हो. नकाशाची."

पडद्यावर शहर पसरलं होतं. त्यात बारीक पांढरे ठिपके विखुरलेले. रोजच्या चुका. आज इथं, उद्या तिथं. पण नदीपलीकडे एक ठिपका वेगळा होता. गणितवालीनं कालचा नकाशा लावला, परवाचा लावला. बाकीचे ठिपके हलले. तो हलला नाही.

"यंत्राची चूक," हवावाला म्हणाला.

"चूक रोज जागा बदलते, काका. तुम्हीच शिकवलंत. ही सहा दिवस मांडी ठोकून बसलीय. आकाश सहाही दिवस निरभ्र. आणि शेजारी काय आहे बघा, पावाची भट्टी! तिथं धूर नाही म्हणजे कमालच झाली."

तिनं नकाशाखाली रस्ते दाखवले. भट्टीचं धुराडं एका चौकोनात होतं, लालभडक. त्याला लागून मागचा चौकोन पांढरा. हवावाला खुर्चीत जरा पुढं सरकला.

"ही माझ्या मुलीची इमारत."

"मग तर नशीबवान आहे तुमची मुलगी. एवढी स्वच्छ हवा या शहरात कुणाला मिळतेय?"

ती हसली. तोही हसायला लागला, आणि मध्येच थांबला. हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं, स्वतःच म्हटलं होतं. आपल्याच घरात, चौदा महिन्यांपूर्वी.

"सात वर्षांचं काढ सगळं," तो म्हणाला. "एकाच जागी बसलेलं आणखी काय काय आहे ते बघू."

अर्ध्या तासात यादी आली. मुलीच्या इमारतीआधी, सात वर्षांत अशा चार जागा. प्रत्येक ठिकाणी पांढरा चौकोन नऊ दिवस होता. आठ नाही, दहा नाही. नवव्या दिवसाच्या नकाशात तो असे आणि दहाव्या दिवशी नसे.

चौथी जागा हवावाल्याची गल्ली होती. शेवटची तारीख त्याला वाचावी लागली नाही.

गणितवालीला ती तारीख माहीत नव्हती. तिनं नुसतं विचारलं, "काका, पाणी देऊ का?"

तो उठला, पिशवी घेतली, टेबलावरचं हातात धरायचं यंत्र पिशवीत टाकलं आणि बाहेर पडला.

बसमध्ये त्याला सगळं ओळीनं आठवत गेलं. बायको न्हाणीघरातून म्हणाली होती, "अहो, या साबणाला वास का येत नाही?" त्यानं साबण नाकाला लावला. खरंच येत नव्हता. तो म्हणाला, "स्वस्तातला आणलास, आता वास कुठून येणार?" दोन दिवसांनी कढईत कांदा जळून कोळसा झाला आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या दोघांनाही कळलं नाही. मग ती म्हणायला लागली की घरात श्वास घेतल्यासारखं वाटत नाही. आत जातो, पण काही आल्यासारखं वाटत नाही. दुपारी फार झोप येते. शेवटी तिची समजूत काढायला त्यानं हेच यंत्र घरी नेलं होतं. आकडा शून्य. त्यानं तो तिच्या डोळ्यांसमोर धरला होता. "बघ. एवढी स्वच्छ हवा या शहरात कुणाला मिळतेय? तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे."

ती एवढंच म्हणाली होती, "मग त्या यंत्रालाच सांगा श्वास घ्यायला."

तिसऱ्या दिवशी तो सहा वाजता घरी आला तेव्हा ती कुशीवर झोपली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही.

भट्टीच्या कोपऱ्यावर तो बसमधून उतरला. ताज्या पावाचा वास नेहमीसारखा अंगावर आला. इथं तो इतका दाट असे की मुलगी म्हणायची, बाबा, नुसत्या वासानंच माझं पोट सुटलंय. हवावाला भिंतीच्या कडेनं चालू लागला. यंत्रावर एकसष्ट. अठ्ठावन्न. साठ.

मुलीच्या इमारतीच्या फाटकातून त्यानं एक पाऊल आत टाकलं आणि पावाचा वास थांबला.

कमी झाला नाही, थांबला. तो एक पाऊल मागं आला. वास होता, आकडा साठ. पुढं गेला. वास नाही, आकडा शून्य. फाटकापाशी एक माणूस असा पुढंमागं करतोय हे बघून भट्टीवरच्या बाईनं ओरडून विचारलं, "काय हरवलंय का, काका?"

"नाही, नाही," तो म्हणाला आणि आत गेला.

इमारत नवी होती. तीन घरं रिकामीच होती, वरचं बिऱ्हाड महिनाभरासाठी गावी गेलं होतं. खाली मुलगी एकटी. जावई बोटीवर, अजून दोन महिने यायचा नव्हता, आणि मुलीला सातवा लागला होता. तिनं दार उघडलं ते डोळे चोळतच.

"बाबा? या वेळेला? ऑफिस बुडालं का नदीत?"

"झोपली होतीस?"

"झोपच उडत नाही हल्ली. बसलं की डोळे मिटतात." ती परत पलंगावर बसली. "आणि तुम्ही आणलेलं ते उटणं परत घेऊन जा. काही वासच नाही त्याला."

हवावाल्यानं कपाट उघडलं आणि तिचे कपडे पिशवीत भरायला सुरुवात केली.

"अहो बाबा, काय चाललंय?"

"आपल्या घरी चल. आत्ता."

"अहो, पण का?"

काय सांगणार? वरून जाणाऱ्या एका यंत्राला इथं भोक दिसतं, म्हणून? तो म्हणाला, "भिंतींना नवा रंग दिलाय, त्याचा वायू सुटतो. पोटातल्या बाळाला बरा नाही. यंत्रावर आकडा आलाय."

"किती आलाय?"

त्यानं पिशवीची चेन ओढली. "खूप," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं आकडा खोटा सांगितला.

आकड्यांपुढं वाद घालायचा नाही हे ती लहानपणापासून शिकली होती. ती कुरकुरत उठली. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि जागीच थांबली.

"अगं बाई! पाव!" ती म्हणाली, आणि भट्टीवरून दोन घेऊन चालता चालता खायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवावाल्यानं रजा टाकली आणि यादीतल्या तिसऱ्या जागी गेला. तिथं एक घड्याळजी दुकानामागंच राहायचा. हवावाल्यानं मनगटावरचं धड चालणारं घड्याळ काढून त्याच्यासमोर ठेवलं आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, तीन वर्षांपूर्वी या दिवसांत तुमच्या घरी काही झालं होतं का?

घड्याळजीनं डोळ्याचं भिंग काढलं. "माझा भाऊ गेला. तुम्ही ओळखत होता त्याला?"

"कशानं गेले?"

"झोपेत. त्याच्या आधी आठवडाभर एकच धोशा. दादा, तेलाला वास नाही. दादा, रॉकेलला वास नाही. मी म्हटलं, नाक साफ कर." घड्याळजीनं घड्याळ उघडून पाहिलं, मिटलं आणि परत सरकवलं. "हे चालू आहे. तुम्ही कशासाठी आलाय ते सांगा."

हवावाल्यानं घड्याळ परत मनगटावर चढवलं. तो तसाच उठला आणि मुलीच्या रिकाम्या घरी जाऊन राहिला.

का राहिला, ते त्यानं स्वतःलाही नीट विचारलं नाही. एवढंच वाटलं की नऊ दिवस कुणीतरी इथं असायला हवं. घर रिकामं सापडलं तर ते शोधत निघेल. कोण, काय, याचा विचार तो मनाला शिवूच देत नव्हता. गणितवालीला मात्र त्यानं बजावलं होतं, रोज चार वाजता नियम न लावता नकाशा काढायचा आणि तो चौकोन कुठं आहे ते फोनवर सांगायचं.

सातव्या दिवशी ती म्हणाली, "आहे तिथंच आहे, काका. तुमच्या डोक्यावर."

"छान," हवावाला म्हणाला.

"यात छान काय आहे? मला सांगाल का काय चाललंय?"

"माझं घर कसं आहे? जुन्या गल्लीतलं?"

"तिथं चौतीस. नेहमीसारखीच घाण."

इतका आनंद त्याला कुठल्या आकड्यानं झाला नव्हता.

दिवस लांबलचक होते. खिडक्या उघड्या असून पडदा हलत नसे. उन्हाच्या तिरिपेत नेहमी धुळीचे कण दिसतात, ते दिसत नव्हते. ऊन नुसतं येऊन जमिनीवर पडे. चहा केला की वाफ दिसे, पण कपात गरम पाणी असल्यासारखं वाटे. तो दर तासाला एक संत्रं सोले आणि साल नाकाशी धरे. काही नाही. सालीचा चीक बोटांना झोंबे, डोळ्यांतून पाणी येई. वास नाही. आणि झोप. भिंतीला टेकलं की डोळे जड होत. तो उभाच राही. फेऱ्या मारत मोठ्यानं पाढे म्हणे. एकोणतीसचा पाढा त्याला शाळेतही कधी आला नव्हता, तो त्या दोन दिवसांत पाठ झाला.

संध्याकाळी मुलीचा फोन येई.

"बाबा, जेवलात का? माझ्या घरात काय करता एकटेच?"

"रंगाचा वायू मोजतोय."

"आई म्हणायची ते खरंय. तुम्ही मेलात तरी आधी आकडा लिहून मराल." आणि मग, "इथं तिच्या उशीला अजून तिच्या तेलाचा वास आहे, बाबा. तुम्ही खोळ धुतलीच नाही ना?"

"नाही धुतली."

"बरं केलंत."

आठव्या दिवशीही चौकोन हलला नव्हता. गणितवाली आता थट्टा करत नव्हती. "काका, उद्या मी नाहीये, दाढ काढायला जायचंय. चार वाजता साहेबांना फोन करायला सांगते. पण तुम्ही तिथून निघा ना. मला बरं नाही वाटत."

"उद्याचाच दिवस," तो म्हणाला.

नवव्या दिवशी सकाळपासून तो खुर्चीत बसला नाही. दीड वाजता त्यानं छताकडे पाहिलं. पाहुणा वरून गेला असेल. दोन वाजले. तीन वाजले. पाय सुजले होते. त्यानं खिडकीची चौकट धरून ठेवली होती.

पावणेचारला त्याला वास आला.

आधी वाटलं, भास आहे. मग नाकपुड्या फुलल्या. जळका कांदा. तेलात काळा पडत चाललेला, कडवट, घशाला लागणारा. दोन वर्षांपूर्वी त्यानं नाक मुरडलं असतं. आज तो खोलीभर फिरून तो वास छातीत भरत राहिला. कुणाच्या तरी घरी कांदा करपला होता, आणि त्याला तो कळला होता!

मग तो वास विरला, आणि त्याच्या मागून भट्टीचा पाव आला. पडदा हलला. उन्हात धूळ नाचायला लागली.

यंत्रावर एकोणसाठ.

हवावाला मटकन खाली बसला. शेजारच्या ताटलीत अर्धवट सोललेलं संत्रं होतं. ते त्यानं हातात घेतलं.

चार वाजता फोन वाजला. साहेब.

"अहो, तुमचं ते भोक गेलं बरं का! गणितवालीनं सांगून ठेवलं होतं म्हणून मुद्दाम स्वतः बघितलं. आजचा नकाशा लोण्यासारखा आहे. कुठंही काही नाही."

"माझ्या गल्लीत? साहेब, माझ्या गल्लीत काय आहे?"

"चौतीस-पस्तीस. शेजारीपाजारी आहे तेवढंच. का हो?"

हवावाल्याचे डोळे भरून आले. मग काहीतरी खटकलं. शेजारीपाजारी आहे तेवढंच.

"साहेब, नकाशा नियम न लावता काढलाय ना?"

"छे! भोकं पडलेला नकाशा वर पाठवू की काय? सकाळीच परत लावून घेतला. तुमचाच तर नियम आहे. चार ओळींचा, पण काय काम करतो!"

फोन अजून कानाशीच होता, तेवढ्यात त्यावरच दुसरा फोन यायला लागला. मुलगी.

"बाबा, रागावू नका हं. तुमची कढई गेली." तिच्या आवाजात हसू होतं, आणि जांभई. "कांदा टाकला आणि बसले तर डोळाच लागला. उठून बघते तर पार कोळसा. आत्ताच, पंधरा मिनिटं झाली असतील. पण गंमत म्हणजे, घरात जरासुद्धा वास नाही."

"घराबाहेर पड," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. चप्पल घालू नकोस. ऊठ."

"काय हो हे. पडते ना. एवढी पाच मिनिटं पडते आणि मग..."

"ऊठ!"

"आईच्या उशीला पण नाही आता वास," ती म्हणाली. अगदी हळू, दुरून बोलल्यासारखी.

नंतर फोनवर काही नव्हतं. फोन चालू होता.

त्याच्या मुठीत संत्रं चुरगळलं होतं. त्याचा वास घरभर पसरला होता.